फिकट रेष, मग तपकिरी डाग: कुठल्या किटवर विश्वास ठेवायचा?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. वय २६, लग्नाला दीड वर्ष, पाळी कधी २८ दिवसांनी तर कधी ३५ दिवसांनी येते. या खेपेला ३४व्या दिवशी रात्री त्यांनी घरीच किट लावलं. एकच रेष दिसली म्हणून कपाटावर ठेवून दिलं. जेवणं-भांडी आटोपून परत बघितलं तर शेजारी फिकट दुसरी रेष! ३६व्या दिवशी कपड्याला तपकिरी डाग लागला. ३७व्या दिवशी संध्याकाळी दुसरं किट आणलं, त्यात एकच रेष. सासूबाई म्हणतात, पाळीच आहे, उशिरा आली. जाऊबाई म्हणतात, गर्भ रुजताना असे डाग पडतातच. आज ३८वा दिवस, डाग अजून आहेत, पोटात फारसं दुखत नाही. "दोन्हींतलं खोटं किट कुठलं?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, बेळगावात बावीस वर्षं स्त्रीरोग आणि प्रसूतीचं काम करतेय, आणि आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न टेबलावर येतोच. कधी किट पदराच्या टोकाला बांधून आणलेलं असतं, कधी नवऱ्याच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो असतो. माझं उत्तर असं, की तुमची दोन्ही किटं खरी असू शकतात. त्यांना जे विचारलं तेवढंच त्यांनी सांगितलं. तुम्हाला जे हवंय ते त्यांना विचारताच येत नाही.

किट एकच गोष्ट बघतं. त्या घटकेला, त्या लघवीत, एचसीजी नावाचं संप्रेरक ठरावीक पातळीच्या वर आहे की नाही. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बहुतेक किटांची ही पातळी २५ युनिटच्या आसपास असते. तुम्हाला मात्र तीन वेगळ्या गोष्टी कळायला हव्यात: दिवस गेलेत का, गेले असतील तर गर्भ पिशवीतच आहे का, आणि तो टिकतोय का. पहिल्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर किट देतं. दुसऱ्या-तिसऱ्यातलं त्याला काही दिसत नाही. डागांचंही तसंच. नुसत्या डागावरून यातलं एकही ठरत नाही, मग सासूबाई कितीही अनुभवी असोत.

आता हिशेब करू. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर साधारण १४ दिवसांनी पाळी येते. म्हणजे २८ दिवसांची पाळी असेल तर बीज १४व्या दिवशी सुटतं आणि ३५ दिवसांची असेल तर २१व्या दिवशी. गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजतो तो बीज सुटल्यापासून ६ ते १२ दिवसांत, बहुतेकींच्यात ८व्या ते १०व्या दिवशी. एचसीजी रक्तात यायला लागतं ते रुजल्यावरच, त्याआधी नाही. तुमचं या महिन्याचं बीज २१व्या दिवशी सुटलं असं धरा. मग गर्भ रुजला असलाच तर २९व्या ते ३१व्या दिवसाच्या सुमारास, कदाचित ३३व्या दिवशी. तुम्ही किट लावलं ३४व्या दिवशी. एचसीजीला तयार व्हायला एक दिवस ते पाच दिवस मिळाले. एवढ्यात ते २५च्या वर गेलं असेल किंवा नसेलही.

दुसरं असं, की तुमची पाळी ३५ दिवसांपर्यंत जाते. म्हणजे ३४व्या दिवशी ती चुकलेलीच नव्हती! "पाळी चुकली की पहिल्याच दिवशी कळतं" हे खोक्यावर वाचायला बरं वाटतं. पण ज्यांचे दिवस खरोखर गेलेले असतात त्यांच्यातही, पाळीच्या अपेक्षित दिवशी दहातल्या एकीचा गर्भ अजून रुजलेलाच नसतो. जो रुजलाच नाही तो कितीही महागड्या किटमध्ये दिसणार नाही. आणखी आठवडाभर थांबलं की मग ही चूक शंभरात तीन-चारवर येते. म्हणून पाळी मागेपुढे होणाऱ्या बायकांना मी सांगते, की तुमच्या सगळ्यात लांब पाळीचे दिवस मोजा, त्यात एक आठवडा घाला, मग किट लावा. पाळीचा काही नेमच नसेल तर शेवटच्या संबंधापासून २१ दिवस मोजा.

पण ३४व्या दिवसाची ती फिकट रेष? इथे तुम्ही एक फार महत्त्वाची गोष्ट ओघात सांगून गेलात. रेष जेवणं-भांडी झाल्यावर दिसली. घरात चार माणसं असली तर तो सहज पाऊण तास.

किटच्या पट्टीत लघवी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झिरपत जाते, पावसाळ्यात भिंतीत ओल चढते तशी. वाटेत रंगाचे बारीक कण असतात, ते एचसीजीला धरून पुढे वाहतात आणि किटवर 'टी' अक्षर छापलेलं असतं त्या जागी अडकतात. तिथे पुरेसे कण अडकले की रेष दिसते. 'सी'ची रेष एवढंच सांगते की लघवी शेवटपर्यंत पोहोचली, किट चाललं. हे सगळं पाच मिनिटांत उरकतं. दहा मिनिटांनंतर पट्टी वाळायला लागते, आणि वाळताना 'टी'च्या जागी एक करडी, बिनरंगी खूण उमटू शकते. उन्हात वाळलेल्या फरशीवर पाण्याची कड राहते ना, तशी. ती रेष धरायची नसते. किटच्या कागदावर हे बारीक अक्षरात छापलेलं असतं, पण आपल्याकडे तो कागद किट बाहेर काढतानाच चुरगळून फेकतात.

याउलट, तीन ते पाच मिनिटांच्या आत आलेली, 'सी'च्या रेषेसारख्याच रंगाची रेष कितीही फिकट असली तरी ती रेषच. अर्धी गरोदर असा प्रकार नसतो. फिकट याचा अर्थ त्या वेळी एचसीजी कमी आहे, एवढाच. त्यामुळे कोणी मला फोटो पाठवला की मी विचारते, "रेष किती मिनिटांनी आली, ते सांगा." ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेल्या फोटोवरून मी गुलाबी आणि करडं ओळखू शकत नाही. ओळखतो म्हणणाऱ्या डॉक्टरांचंही मला नवल वाटतं.

दुसरं किट संध्याकाळचं. दिवसभर पाणी, ताक, चहा पोटात गेलेला असतो, लघवी पातळ होते आणि काठावरचं एचसीजी किटच्या पातळीखाली जातं. सकाळची पहिली लघवी घ्या म्हणतात ते म्हणूनच. दिवस भरपूर गेलेले असले तर सकाळ काय नि संध्याकाळ काय, सारखंच. पण तुमच्यासारखा काठावरचा मामला असेल तर फरक पडतो. तेव्हा दुसरं किट निगेटिव्ह आलं म्हणून "काही नाही" असं म्हणता येत नाही. पहिल्यावरून "आहे" असंही म्हणता येत नाही. मला विचाराल तर दोन्ही कचऱ्याच्या डब्यात टाका.

एक तिसरी शक्यता मी लपवणार नाही. पहिली रेष खरी असेल आणि दुसऱ्या किटपर्यंत एचसीजी उतरलं असेल, तर गर्भ रुजला आणि चार-सहा दिवसांतच सुटला. रुजणाऱ्या गर्भांपैकी पाचातला साधारण एक असाच, कुणाच्या ध्यानातही न येता जातो. पूर्वी बायका म्हणायच्या, "या खेपेला पाळी चार दिवस उशिरा आली आणि जरा जास्त गेली." झालं, विषय संपला. आज किट स्वस्त आहे, आशाताईंकडे 'निश्चय' नावाचं सरकारी किट फुकट मिळतं, त्यामुळे आपल्याला ते कळतं. कळतं म्हणून दुखतंही. इतक्या लवकर सुटणाऱ्या गर्भात बहुतेकदा गुणसूत्रांचाच गोंधळ असतो, तो पहिल्या दिवसापासूनचा. तुम्ही घागर उचलली, पपई खाल्ली, स्कूटरवरून बाजारला गेलात म्हणून तो सुटला नाही. घरात कोणी तसं म्हणालं तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

आता डाग. जाऊबाईंचं म्हणणं मीही शिकले होते, आणि वर्षानुवर्षं पेशंटना सांगतही आले: गर्भ अस्तरात शिरतो, थोडं रक्त सांडतं, तोच डाग. ऐकायला पटतं. पण ज्या अभ्यासात बायकांनी रोजची लघवी जपून ठेवली आणि रोज डागांची नोंद केली, त्यात रुजण्याचा दिवस आणि डागांचा दिवस यांचा मेळ बसला नाही. दिवस राहिलेल्या १५१ जणींपैकी १४ जणींना पहिल्या आठ आठवड्यांत डाग दिसले, बहुतेकींना रुजण्याच्या दिवशी नव्हे, तर पाळीच्या सुमारास किंवा नंतर. त्या १४ पैकी १२ जणींना बाळं झाली. तेव्हापासून मी "रुजतानाचा डाग" हा शब्द वापरणं सोडलं. तो शब्द तपासणी टाळायला फार सोयीचा आहे.

पण घाबरूनही जाऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत चारातल्या एकीला थोडंफार रक्त दिसतं, आणि त्यातल्या निम्म्याजणींचं गरोदरपण पुढे नीट चालतं. एकदा सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले की आकडा आणखी सुधारतो, दहातल्या नऊजणींचं टिकतं. तपकिरी रंग म्हणजे जुनं, हळूहळू उतरणारं रक्त. लाल आणि गुठळ्या म्हणजे ताजं, जास्तीचं. रंगावरून वेग कळतो, कारण कळत नाही.

कारणं गर्भाशी संबंध नसलेलीही असतात. पिशवीच्या तोंडाशी सूज, छोटा कोंब, संसर्ग. संबंधानंतर डाग पडत असतील तर पहिल्यांदा तिथे बघावं लागतं, आणि असं वारंवार होत असेल तर दिवस गेलेले असोत वा नसोत, तपासून घ्याच. थायरॉइड, पीसीओडी हेही आहेतच. आपल्या भागात मात्र एक कारण मला ठरावीक महिन्यांत हमखास भेटतं, आणि ते बायका आपणहून कधीच सांगत नाहीत.

गौरी-गणपती आले किंवा सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचं ठरलं, की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. ५ मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोन-तीनदा, आठवडाभर. मधेच एखादी विसरली की डाग पडतो. गोळ्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांनी रक्त जातं. मग ती बाई मला सांगते, "डॉक्टर, पाळी आठ दिवस चुकली आणि आता थोडं थोडं जाऊलालंय, दिवस गेले की काय?" मी सगळी चौकशी करते, किट लावते, आणि उठता उठता ती म्हणते, "ते देवाला जायचं होतं म्हणून गोळ्या घेतल्या होत्या, त्याचं काही नसतंय ना?" त्याचंच तर असतं! संबंधानंतर ७२ तासांत घ्यायच्या गोळीचंही तेच. त्या गोळीने बीज सुटणं पुढे जातं, आठवड्याभरात मधेच डाग पडतो, पुढची पाळी अलीकडे-पलीकडे होते. या कुठल्याही गोळीमुळे किट खोटं पॉझिटिव्ह येत नाही, पण तारखांचा पार विचका होतो. तुम्ही यातलं काही घेतलं असेल तर तारखेसकट सांगा. माझ्या टेबलाच्या या बाजूला कुणी रागावत नाही.

किट खोटं पॉझिटिव्ह कशाने येतं तेही सांगून टाकते, तुमच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही. वंध्यत्वाच्या उपचारात बीज फोडायचं एचसीजीचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर दहा-चौदा दिवस ते लघवीत उतरतं. नुकताच गर्भपात झाला असेल तर चार-सहा आठवडे रेष येत राहू शकते. आणि पाळी जायच्या वयात पिट्युटरी ग्रंथी स्वतःच थोडं एचसीजी सोडते. पन्नाशीच्या एक बाई फिकट रेष घेऊन आल्या होत्या. सून बाहेर बसली होती आणि त्यांना मान वर करवत नव्हती.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लांबण लावलंय ते. नळीतला गर्भ, म्हणजे पिशवीऐवजी बीज वाहून आणणाऱ्या नळीतच रुजलेला. शंभर गरोदरपणांत एक किंवा दोन असे असतात. किट पॉझिटिव्ह येतं, मळमळ होते, पाळी चुकते, सगळं नेहमीसारखं. त्यात थोडे तपकिरी डाग. अगदी तुम्ही लिहिलंय तसंच चित्र. मी तुम्हाला तो आहे असं म्हणत नाही, शक्यता कमी आहे. पण डाग आणि पॉझिटिव्ह किट एकत्र दिसलं की पिशवीत गर्भ दिसेपर्यंत माझ्या डोक्यातून ती शंका जात नाही. गावातल्या अनुभवी बायकांत आणि आमच्यात फरक असलाच तर एवढाच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निपाणीकडची, बिड्या वळणारी एक बाई, दोन मुलं होती, तिसरं नको होतं. किट पॉझिटिव्ह आलं आणि दीराने मेडिकलमधून "पाडायच्या गोळ्या" आणून दिल्या. रक्त गेलं, तिला वाटलं मोकळी झाले. डाग मात्र थांबेनात. गोळ्यांनंतर असं चालतंच, असं सगळ्यांनी सांगितलं. बाराव्या दिवशी तंबाखू निवडता निवडता ती तिथेच कोसळली. आणली तेव्हा नाडी लागत नव्हती, पोट उघडलं तर दीड-दोन लिटर रक्त. नळी फुटली होती. त्या गोळ्या पिशवी रिकामी करतात, नळीतल्या गर्भाला त्या लागूच पडत नाहीत. पिशवीचं अस्तर गळून गेलं, म्हणून रक्त गेलं, आणि त्या रक्तानेच सगळ्यांना फसवलं. ती वाचली. ऑपरेशननंतर मला म्हणाली, "खांदा दुखत होता, मला वाटलं बसून बसून दुखतोय." पोटात रक्त साठलं की ते छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकतं आणि दुखतो खांद्याचा शेंडा. एरवी कुणाला सुचेल, खांद्याचं आणि गर्भाचं नातं!

नको असलेल्या गर्भाबद्दल एवढंच म्हणते, कारण हे वाचणाऱ्यांत तशाही कुणी असतील: १९७१चा कायदा आहे, २०२१ला तो सुधारला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो, १८ पूर्ण असलेल्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, लग्न झालेलं असण्याचीही अट नाही, आणि नाव बाहेर फोडणं डॉक्टरला गुन्हा आहे. मग मेडिकलच्या काउंटरवरून गोळ्या कशाला घ्यायच्या?

तर तुम्ही काय करायचं? उद्या सकाळी उठल्याबरोबरची लघवी, नवं किट, मुदत बघून. ड्रॉपरने किटवर लिहिलेत तेवढेच थेंब, मोबाईलवर पाच मिनिटांचा गजर, गजर झाला की बघायचं आणि टाकून द्यायचं. परत बघायला जायचं नाही.

एकच रेष आली आणि रक्त नेहमीच्या पाळीसारखं सुरू झालं, तर बहुधा सासूबाई बरोबर. तरी आठवड्याने आणखी एक किट लावा, शे-पन्नास रुपयांचा प्रश्न आहे. एकच रेष आणि पाळी धड येतही नाही, जातही नाही, असं असेल तर तीन दिवसांनी पुन्हा. दोन महिने पाळी नाही, उलट्या होतायत आणि किट मात्र निगेटिव्हच येतंय असं क्वचित असतं, तेव्हा किटचा नाद सोडून सरळ दवाखान्यात या. एचसीजी अफाट वाढलं तरी किट गोंधळतं.

दोन रेषा आल्या तर रक्तातलं बीटा एचसीजी करायचं, एकदा नाही, दोनदा, बरोबर ४८ तासांच्या अंतराने. पहिल्या आकड्याला एकट्याला फारशी किंमत नाही. बायका मला फोनवर विचारतात, "माझं १४० आलंय, चांगलं की वाईट?" मी म्हणते, परवा सांगते. १४० चे परवा २३० झाले तर ठीक चाललंय. सुरुवातीच्या दिवसांत दोन दिवसांत निदान निम्म्याने तरी वाढ व्हायला हवी, बरेचदा दुप्पट होते. १४० चे ६० झाले तर गर्भ सुटतोय, ५ च्या खाली जाईपर्यंत अधूनमधून रक्त तपासायचं. आणि १४० चे १६० झाले, ना धड वाढ ना उतार, तर मी तुम्हाला घरी सोडायच्या आधी दहा प्रश्न विचारीन. काही नळीतल्या गर्भांचा आकडा सुरुवातीला छान वाढतो, त्यामुळे वाढ चांगली असली तरी सोनोग्राफी टळत नाही.

इथे आपल्या सीमाभागातली एक खास अडचण. सासर बेळगाव-खानापूरकडे, माहेर चंदगड नाहीतर गडहिंग्लजला. पहिलं रक्त सासरी दिलेलं असतं, डाग दिसले म्हणून आई घेऊन जाते आणि दुसरं तिथल्या लॅबमध्ये. दोन लॅबच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, एकाच नळीतलं रक्त दोघांना दिलं तरी फरक येतो. मग वाढ झाली की घट, हे देवच जाणे. माहेरी खुशाल जा, पण दोन्ही रक्तं एकाच लॅबला द्या.

सोनोग्राफीची घाई करू नका. तुमचं बीज २१व्या दिवशी सुटलं असेल तर आज आमच्या हिशेबाने (बीज सुटल्यापासूनचे दिवस अधिक दोन आठवडे) साडेचारच आठवडे होतात. पिशवीत गर्भाची थैली दिसते पाच आठवड्यांना, ठोके सहा आठवड्यांच्या आसपास. आज केलीत तर रिपोर्टात "गर्भ दिसत नाही" असं येईल आणि घरात रडारड होईल. दुखत नसेल तर आठवडा-दीड आठवडा थांबा, दुखत असेल तर आजच. आणि आतून करायची सोनोग्राफी सांगितली तर दचकू नका. लघवी करून मोकळं व्हायचं, पाच-दहा मिनिटांचं काम, गर्भाला काहीही होत नाही, आणि पोटावरून दिसायच्या आठवडाभर आधी आतून दिसतं. आधार कार्ड न्या, तिथे एक फॉर्म भरून घेतात. १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा तो फॉर्म आहे, तुमच्यावर कुणाला संशय नाही.

"टिकवायच्या" गोळ्या द्या म्हणून आग्रह होतो. ज्यांचा आधी गर्भपात झालाय आणि आता रक्त दिसतंय, त्यांना प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे या गोळ्यांतल्या संप्रेरकाचा, थोडा फायदा होतो असं दिसलंय. तुमची ही पहिलीच वेळ असेल तर तसा फायदा दिसलेला नाही. उलट दिवस गेलेले नसताना त्या गोळ्या घेतल्या तर पाळी आणखी लांबते आणि आपण दोघी आणखी पंधरा दिवस अंधारात. पलंगावर पडून राहिल्यानेही गर्भ टिकत नाही, यावर मात्र सगळे डॉक्टर एका सुरात बोलतात. जड कामं आणि संबंध रक्त थांबेपर्यंत टाळा, बाकी फिरा, स्वयंपाक करा. फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून घ्या, आणि मिश्री लावत असाल तर ती बंद.

रक्तगट माहीत नसेल तर त्याच नमुन्यात करून घ्या. निगेटिव्ह निघाला आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर गर्भ सुटताना किंवा नळीतला निघाल्यास ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं. इतक्या लवकरच्या नुसत्या डागांना ते द्यावं की नाही यावर आम्हा डॉक्टरांत दोन मतं आहेत, तुमच्या डॉक्टरवर सोडा. पण रक्तगट त्यांना सांगायचं काम तुमचं.

एका बाजूला ओटीपोटात कळ, खांद्याच्या शेंड्याला दुखणं, चक्कर, घाम, शौचाला लागल्यासारखं वाटून न होणं, किंवा तासाला दोन पॅड भिजतायत आणि दोन तास तेच चाललंय, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. किट निगेटिव्ह होतं म्हणून थांबायचं नाही. नवरा गोव्याहून यायची वाट बघायची नाही. १०८ला फोन करा, सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच नंबर लागतो, आणि जे ऑपरेशन करणारं हॉस्पिटल जवळ असेल तिथे जा. नळी फुटायच्या आधी सापडली तर कित्येकदा इंजेक्शनवर भागतं.

सगळं ठीक निघालं तर आशाताईंकडे नाव घाला, बारा आठवड्यांच्या आत. त्या जे 'तायी कार्ड' देतील ते कन्नडमधलं आईचं कार्ड आहे. आपल्या बायका त्याला 'ताई कार्ड' म्हणतात आणि काम चालून जातं.

येताना किटं आणू नका, फोटोही नकोत. गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा हव्यात, आणि कुठली गोळी कुठल्या दिवशी घेतली ते. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक टिंबं करून ठेवत असाल तर ती पानंच फाडून आणा.